राष्ट्रीय फुटबॉल संघांच्या जर्सीवरील व्यावसायिक बोधचिन्हे

क्लबकडून खेळणाऱ्या फुटबॉलपटूच्या छातीवर एखाद्या बँकेचे, विमान कंपनीचे किंवा मोटार कंपनीचे नाव असते. तोच खेळाडू विश्वचषकात देशाकडून खेळू लागला की त्याच्या जर्सीवर असे नाव दिसत नाही. जागतिक फुटबॉल महासंघाच्या (फिफा) गणवेशविषयक नियमावलीने विश्वचषक व त्याच्या पात्रता फेरीच्या सामन्यांत जर्सीवर प्रायोजकाची जाहिरात करण्यास मनाई केली आहे. राष्ट्रीय महासंघाचे मानचिन्ह, खेळाडूचे नाव व क्रमांक, स्पर्धेचे चिन्ह आणि जर्सी बनवणाऱ्या कंपनीचे लहान बोधचिन्ह यांनाच तेथे स्थान मिळते. मात्र या मनाईमुळे व्यापार जर्सीपासून पूर्णपणे दूर राहिलेला नाही.

प्रायोजक आणि उत्पादक

नियमावलीत या दोन घटकांत स्पष्ट भेद केला आहे. जर्सी शिवून पुरवणारी कंपनी म्हणजे उत्पादक. तिला जर्सीवर आपली ओळखखूण मर्यादित आकारात लावता येते. खेळाच्या साहित्याशी संबंध नसलेली, केवळ जाहिरातीसाठी पैसे देणारी कंपनी म्हणजे प्रायोजक. तिला सामन्याच्या जर्सीवर जागा नसते. फुटबॉलच्या नियमांतील चौथा नियम खेळाडूंच्या गणवेशाविषयी आहे. जर्सीखालील कपड्यांवरील राजकीय, धार्मिक वा वैयक्तिक घोषणा, तसेच उत्पादकाच्या चिन्हाव्यतिरिक्त कोणतीही जाहिरात दाखवण्यास त्यानुसार बंदी आहे. युरो २०१२ स्पर्धेत डेन्मार्कचा खेळाडू निकलास बेंटनर याने पोर्तुगालविरुद्ध गोल केल्यावर सट्टेबाजी कंपनीचे नाव असलेली अंतर्वस्त्राची पट्टी दाखवली. युरोपीय महासंघाने (युएफा) त्याला १ लाख युरो दंड आणि एका सामन्याची बंदी अशी शिक्षा केली.

क्लब फुटबॉलमधील पूर्वपीठिका

क्लबांच्या जर्सीवरही जाहिरात सहजासहजी आलेली नाही. पश्चिम जर्मनीतील आइनट्राख्ट ब्राउनश्वाइग या क्लबने १९७३ मध्ये येगरमायस्टर या मद्य कंपनीशी करार केला. जाहिरातीवरील बंदी टाळण्यासाठी क्लबने आपले मानचिन्हच बदलून त्यात कंपनीच्या बाटलीवरील हरणाचे शिर घेतले. मानचिन्हाला मनाई करणे अवघड होते. त्याच वर्षी जर्मन महासंघाने जर्सीवरील जाहिरातीस परवानगी दिली. इंग्लंडमध्ये १९७६ च्या जानेवारीत केटरिंग टाउन हा छोटा क्लब 'केटरिंग टायर्स' असे शब्द असलेली जर्सी घालून खेळला. महासंघाने हरकत घेताच क्लबने 'टायर्स' या शब्दाचे फक्त आद्याक्षर ठेवले आणि ते 'टाउन'चे असल्याचा दावा केला. तो दावा मान्य झाला नाही. परंतु पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्येही क्लबांना जाहिरातीची मुभा मिळाली. राष्ट्रीय संघांच्या बाबतीत मात्र ही वाट खुली झाली नाही.

उत्पादकांचा प्रवेश

राष्ट्रीय जर्सीवर व्यापार आला तो उत्पादकाच्या मार्गाने. १९७४ मध्ये ॲडमिरल या कंपनीचे चिन्ह इंग्लंडच्या जर्सीवर आले. त्याच वर्षीच्या विश्वचषकात नेदरलँड्सच्या जर्सीच्या बाहीवर आदिदासच्या तीन पट्ट्या होत्या. कर्णधार योहान क्रॉयफ याचा करार मात्र प्रतिस्पर्धी पुमा कंपनीशी होता. त्यामुळे तो दोनच पट्ट्या असलेली जर्सी घालून खेळला. जर्सीवरील जागेचा मोबदला महासंघाचा की खेळाडूचा, हा प्रश्न या प्रसंगाने जगापुढे आला.

सरावाचे कपडे आणि विक्रीच्या जर्सी

मनाई सामन्यातील गणवेशास लागू असल्याने प्रायोजकांची नावे सरावाचे कपडे, पत्रकार परिषदेतील फलक आणि चाहत्यांना विकल्या जाणाऱ्या जर्सी यांवर येतात. आयर्लंडच्या प्रजासत्ताकाचा संघ १९९० च्या विश्वचषकात प्रायोजकाच्या नावाविना खेळला; परंतु चाहत्यांनी विकत घेतलेल्या त्याच रंगाच्या जर्सीवर ओपेल या मोटार कंपनीचे नाव ठळकपणे छापलेले होते.

मनाईचे समर्थन आणि टीका

मनाईच्या बाजूने दोन कारणे पुढे येतात. पहिले भावनिक आहे: राष्ट्रीय जर्सी ही ध्वजासारखी साऱ्या देशाची मानली जाते. दुसरे आर्थिक आहे. स्पर्धेच्या अधिकृत प्रायोजकांनी फिफाला मोठी रक्कम दिलेली असते. संघांच्या जर्सीवर त्यांच्या प्रतिस्पर्धी कंपन्या झळकल्यास त्या हक्काचे मोल घटते. त्यामुळे ही मनाई जेवढी राष्ट्रीय प्रतीकाचे, तेवढीच फिफाच्या उत्पन्नाचेही रक्षण करते, अशी टीका होते.

२०२२ च्या कतार विश्वचषकापूर्वी हा विषय वेगळ्या अंगाने चर्चेत आला. डेन्मार्कच्या प्रायोजकांनी सरावाच्या कपड्यांवरील आपली जागा मानवी हक्कांच्या संदेशासाठी सोडली. तथापि असा संदेश असलेले कपडे सरावात वापरण्यास फिफाने परवानगी नाकारली. हुम्मेल या उत्पादक कंपनीने निषेध म्हणून डेन्मार्कच्या जर्सीवरील आपले चिन्ह जर्सीच्याच रंगात विरून जाईल असे केले आणि संघाची तिसरी जर्सी शोकसूचक काळ्या रंगात बनवली.

उत्पादक बदलणे हाही राष्ट्रीय भावनेचा विषय ठरतो. २०२७ पासून आदिदासऐवजी अमेरिकेच्या नायकी कंपनीचा गणवेश स्वीकारण्याचा निर्णय जर्मन महासंघाने मार्च २०२४ मध्ये जाहीर केला, तेव्हा देशाचे अर्थव्यवहार मंत्री रोबेर्ट हाबेक यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली.

भारतातील स्थिती

भारतीय फुटबॉल संघाच्या जर्सीवर पूर्वी नायकीचे चिन्ह होते. त्यानंतर सिक्स फाइव्ह सिक्स आणि २०२३ पासून परफॉर्मॅक्स या भारतीय उत्पादकांची चिन्हे आली. इंडियन सुपर लीगमधील मुंबई सिटी, एफसी गोवा यांसारख्या क्लबांच्या जर्सीवर मात्र प्रायोजकांची नावे असतात.

क्रिकेटमध्ये प्रथा वेगळी आहे. द्विराष्ट्रीय मालिकांत भारतीय क्रिकेटपटूंच्या छातीवर प्रायोजकाचे नाव असते. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या स्पर्धांत ते बाहीवर जाते आणि समोर देशाचे नाव येते. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर कायद्याने बंदी आल्यावर ड्रीम ११ या कंपनीचा करार संपुष्टात आला आणि पुढील महिन्यातील आशिया चषकात भारतीय संघ जर्सीवर प्रायोजकाविना खेळला. छातीवरची जागा विकल्यास संघाचा गणवेश प्रायोजकाच्या व्यवसायाशी किती बांधला जातो, याचे हे अलीकडचे उदाहरण होय.