सर्पगंधेने शिकवलेला धडा

कशेळीचा पूल ओलांडला की ठाणे. तिथले मनोरुग्णालय १९०१ सालापासूनचे. ‘याला आता ठाण्याला धाडा!’ अशी थट्टा आपण सर्रास करतो. पण ज्या घरात छिन्नमनस्कतेचा रोगी रात्रभर येरझारा घालतो, ओरडतो, प्रसंगी हात उगारतो, त्या घराला ही थट्टा कशी रुचावी? या अवस्थेला क्षोभ म्हणतात. कोणी म्हणे बाहेरची बाधा, कोणी म्हणे माजलाय. उपाय काय, तर खोली नाहीतर साखळी.

या क्षोभाचे मूळ शरीरात आहे, हे उमगायला आपल्याच मातीतली एक मुळी कारणी लागली. तिचे नाव सर्पगंधा. १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड व वाढलेला रक्तदाब या दोहोंवर तिचा गुण येतो, असे प्रसिद्ध केले. रक्तदाबावरचे आपले अनुभव मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली इंग्लंडच्या नियतकालिकात मांडले, आणि जगाचे लक्ष तिकडे गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये मुळीतून रेसर्पिन वेगळे काढण्यात आले. त्याच वर्षी पॅरिसला क्लोरप्रोमाझिन हे दुसरे औषध रोग्यांना दिले गेले. वर्षानुवर्षे खवळलेले रोगी शांत होऊ लागले.

हे घडले कसे? स्वीडनच्या कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन दिले. ससे निपचित पडले. मग डोपा नावाचे द्रव्य टोचताच ते पुन्हा हिंडू लागले! डोपापासून मेंदूत डोपामिन तयार होते, आणि रेसर्पिनने त्याचाच साठा रिता केला होता. या संशोधनाला २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. छिन्नमनस्कतेत मेंदूच्या काही भागांत डोपामिनचा व्यवहार बेसुमार वाढतो, असे आज मानतात.

पण सगळा दोष एकट्या डोपामिनचा नव्हे. जागरण, दारू, अंगातला ताप, सांगता न येणारी वेदना, यांनीही क्षोभ भडकतो. कधी तर औषधच कारण होते! पाय स्थिर राहत नाहीत, बसवत नाही. या अवस्थेला प्रागच्या हाश्कोवेत्स यांनी १९०१ सालीच अकॅथिसिया असे नाव दिले होते. पुढे मनोविकारांच्या औषधांनीही ती होते, असे दिसून आले. तिला रोग वाढला असे समजून मात्रा वाढवली, तर हाल दुप्पट.

म्हणून घरच्यांनी एवढे पाहावे: अस्वस्थता कधी सुरू झाली? औषध बदलल्यावर का? झोप, ताप, पोट कसे आहे? हे डॉक्टरांना सांगावे. औषध मात्र आपल्या मनाने बंद करू नये. सर्पगंधेची मुळी आणून उगाळण्याचाही मोह नको. तिने रक्तदाब फार उतरतो, मन खचते, म्हणूनच या रोगासाठी ती मागे पडली.

रोग्याला साखळीने बांधण्यास २०१७ च्या कायद्याने बंदी केली आहे. कायदा साखळी काढील. ‘माजलाय’ हा शब्द मात्र आपणच काढायचा आहे.