फ्लॅश प्लेअर नसलेल्या स्मार्टफोनवरील वेब-व्हिडिओ (मावळ व लोणावळा)

फ्लॅश प्लेअर नसलेल्या स्मार्टफोनवरील वेब-व्हिडिओ : संकेतस्थळांवरचे व्हिडिओ पाहण्यासाठी ब्राउझरला अ‍ॅडोबी फ्लॅश प्लेअर हे प्लग-इन लागत असे, त्या काळात ते नसलेल्या फोनवर तेच व्हिडिओ पाहण्याच्या पद्धती आणि त्यातून उद्भवलेले प्रश्न. साधारणपणे २००७ ते २०१५ हा याचा मुख्य काळ होय. २०२० अखेर फ्लॅशच बंद झाल्यावर हा प्रश्न जुन्या, रूपांतर न झालेल्या सामग्रीपुरता उरला. पुणे जिल्ह्यातील मावळ तालुका आणि लोणावळा परिसरात तो एकट्या प्लग-इनचा कधीच नव्हता. मोबाइलची रेंज, फोनचा प्रोसेसर आणि बॅटरी यांच्याशी तो सारखाच निगडित होता.

तांत्रिक पार्श्वभूमी : फ्लॅशचा उगम फ्यूचरवेव्ह या अमेरिकी कंपनीच्या ‘फ्यूचरस्प्लॅश अ‍ॅनिमेटर’ (१९९६) या सॉफ्टवेअरमध्ये आहे. मॅक्रोमीडियाने ते विकत घेऊन त्याला फ्लॅश हे नाव दिले; २००५ मध्ये मॅक्रोमीडिया अ‍ॅडोबीच्या मालकीची झाली. मुळात हे हलत्या रेखाचित्रांचे साधन होते. व्हिडिओची सोय २००२ मधील सहाव्या आवृत्तीपासून आली. त्या वेळी एकच व्हिडिओ सर्व संगणकांवर सारखा दिसेल असे दुसरे सोपे साधन नव्हते. म्हणून २००५ मध्ये सुरू झालेल्या यूट्यूबने फ्लॅशचा स्वीकार केला आणि पाठोपाठ बहुतेक व्हिडिओ संकेतस्थळांनीही तेच केले.

अडचण कोठे होती हे नीट समजून घेणे आवश्यक आहे. २००७ अखेरपासून फ्लॅश प्लेअरला एच.२६४ या पद्धतीने संक्षेपित केलेला व्हिडिओ चालवता येऊ लागला. हाच व्हिडिओ उलगडणारी चिप त्या काळातील अनेक स्मार्टफोनमध्येही होती. म्हणजे चित्र आणि आवाज दाखवण्याची क्षमता फोनमध्ये होती. परंतु फाइलचा पत्ता, ‘सुरू करा’चे बटण आणि जाहिरात हे सारे एसडब्ल्यूएफ नावाच्या फ्लॅश-फाइलमध्ये बंदिस्त होते. ती फाइल वाचणारे प्लग-इन नसल्यामुळे पानावर व्हिडिओच्या जागी रिकामी चौकट किंवा ‘फ्लॅश प्लेअर आवश्यक आहे’ अशी सूचना दिसे. वेष्टनाच्या मालकीमुळे आतील सामग्री अडून राहिली, हे या प्रकरणाचे मर्म आहे.

फोन आणि प्लग-इन : आयफोन जून २००७ मध्ये फ्लॅशविना बाजारात आला. त्यात यूट्यूबचे स्वतंत्र अ‍ॅप होते आणि त्यासाठी यूट्यूबने आपले व्हिडिओ एच.२६४ मध्ये नव्याने तयार करायला घेतले. आरंभी सुमारे दहा हजार व्हिडिओ उपलब्ध होते. भारतात आयफोन ३जी ऑगस्ट २००८ मध्ये एअरटेल व व्होडाफोनमार्फत आला. आठ जीबीच्या फोनची किंमत ३१,००० रुपये असल्याने ग्रामीण तालुक्यांत तो दुर्मीळच राहिला. अ‍ॅपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्ज यांनी २९ एप्रिल २०१० रोजी एक खुले पत्र प्रसिद्ध करून फ्लॅश का नाकारला याची कारणे दिली : बंदिस्त स्वरूप, सुरक्षेतील त्रुटी, स्पर्शपडद्याशी विसंगती इत्यादी. चिपने उलगडलेला व्हिडिओ आयफोनवर दहा तासांपर्यंत चालतो, तर सॉफ्टवेअरने उलगडलेला पाच तासांच्या आत बॅटरी संपवतो, असे त्यांचे म्हणणे होते. अ‍ॅडोबीने हे आक्षेप अमान्य केले. अ‍ॅपलच्या निर्णयामागे तांत्रिक कारणे अधिक होती की व्यापारी, याविषयी आजही एकमत नाही. मात्र बॅटरीचा मुद्दा भारनियमनाच्या त्या वर्षांत महाराष्ट्रातील खेड्यांना लगेच पटण्यासारखा होता.

अँड्रॉइडवर फ्लॅश प्लेअर १०.१ जून २०१० मध्ये आला. त्यासाठी अँड्रॉइड २.२ आणि एआरएमव्ही७ जातीचा प्रोसेसर आवश्यक होता. भारतीय संदर्भात ही अट फार महत्त्वाची ठरली आणि या विषयावरील लेखनात तिच्याकडे बहुधा दुर्लक्ष होते. २०११ मध्ये आलेला, आठ हजार रुपयांच्या आसपास मिळणारा सॅमसंग गॅलक्सी वाय हा असंख्य कुटुंबांतील पहिला स्मार्टफोन होता. त्यात ८३२ मेगाहर्ट्‌झचा एआरएमव्ही६ प्रोसेसर होता; त्यामुळे अँड्रॉइड असूनही अधिकृत फ्लॅश त्यावर चालत नसे. अ‍ॅपल आणि अ‍ॅडोबी यांचा वाद जगभर गाजला, पण मावळातील प्रेक्षक फ्लॅशला मुकला तो त्या वादामुळे नव्हे. त्याला परवडणाऱ्या फोनची चिप जुन्या पिढीची होती. नोकियाच्या सिंबियन फोनवर फ्लॅश लाइट ही छोटी आवृत्ती असे, पण संगणकासाठी केलेली बहुतेक पाने तिला पेलत नसत.

अ‍ॅडोबीने ९ नोव्हेंबर २०११ रोजी मोबाइल-फ्लॅशचा विकास थांबवत असल्याचे जाहीर केले आणि १५ ऑगस्ट २०१२ पासून गूगल प्लेवरून नव्या फोनसाठी ते मिळणे बंद झाले. याच सुमारास स्वस्त फोनमध्येही एआरएमव्ही७ प्रोसेसर येऊ लागले होते. सामान्य भारतीय ग्राहकाचा फोन फ्लॅश चालवण्याजोगा झाला, तेव्हा फ्लॅशच मिळेनासे झाले.

मावळातील परिस्थिती : लोणावळा, कामशेत, वडगाव आणि तळेगाव दाभाडे ही मोठी गावे इंद्रायणीच्या खोऱ्याच्या बाजूने, लोहमार्ग व जुना मुंबई–पुणे महामार्ग यांच्या कडेला वसली आहेत. मनोरे आणि ऑप्टिकल फायबर साहजिकच याच पट्ट्यात प्रथम आले. पवन मावळ हे लोहगड–विसापूरच्या रांगेमुळे या पट्ट्यापासून वेगळे पडते. नाणे मावळ व आंदर मावळ ही खोरीही डोंगरांनी विभागलेली आहेत. भारतात थ्रीजी सेवेसाठी २१०० मेगाहर्ट्‌झचे तरंग दिले गेले. ९०० मेगाहर्ट्‌झच्या टूजी तरंगांच्या तुलनेत ते डोंगराआड कमी पोहोचतात. त्यामुळे बाजाराच्या गावात थ्रीजी आणि रांगेपलीकडे ‘ई’ अक्षर, म्हणजे एज जोडणी, असा फरक थोड्याच अंतरावर पडे. त्यात पावसाळ्याची भर पडे. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो.

दूरसंचार परिमंडळांची रचनाही येथे विचारात घ्यावी लागते. मुंबई हे स्वतंत्र परिमंडळ असून त्याची हद्द बोरघाटाच्या पायथ्याआधीच संपते. मावळ महाराष्ट्र–गोवा परिमंडळात मोडतो. २०१० च्या लिलावात मुंबईसाठी रिलायन्स, व्होडाफोन व एअरटेल यांना, तर महाराष्ट्र–गोव्यासाठी टाटा, आयडिया व व्होडाफोन यांना थ्रीजी स्पेक्ट्रम मिळाला. आपल्याकडे स्पेक्ट्रम नसलेल्या परिमंडळात कंपन्या परस्परांच्या जाळ्यावर रोमिंग-करारांनी सेवा देत. दूरसंचार विभागाने त्यास हरकत घेतली. टीडीसॅट या न्यायाधिकरणाने २०१४ मध्ये कंपन्यांच्या बाजूने निर्णय दिला. शनिवार-रविवारी मुंबईहून लोणावळ्याला येणाऱ्या पर्यटकाचा व्हिडिओ घाट चढल्यावर चालेल की गोल फिरत राहील, हे या करारांवरही अवलंबून असे.

घाटातील प्रवास आणि प्रवाह : बोरघाटातील बोगद्यांमुळे व्हिडिओ पाठवण्याच्या पद्धतींमधील फरक स्पष्ट होतो. फ्लॅशच्या थेट प्रक्षेपणासाठी आरटीएमपी हा प्रोटोकॉल वापरत. त्यात सर्व्हर आणि प्रेक्षक यांच्यात अखंड जोडणी लागते. बोगद्यात ती तुटली की प्रक्षेपण पुन्हा सुरू करावे लागे. अ‍ॅपलने २००९ मध्ये आणलेल्या एचएलएस पद्धतीत व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे करून ते साध्या वेबपानाप्रमाणे एकेक मागवले जातात. रेंज गेली तर साठवलेले तुकडे चालू राहतात, ती मंदावली तर पुढचा तुकडा कमी दर्जाचा मागवला जातो. २०१२ मधील एमपेग-डॅश हे मानकही याच तत्त्वावर आहे. पुणे–लोणावळा लोकलमध्ये किंवा घाट उतरणाऱ्या गाडीत आज व्हिडिओ सलग दिसतो, त्याचे श्रेय वाढलेल्या वेगाइतकेच या रचनेला द्यावे लागते. यूट्यूबचे साठवलेले व्हिडिओ आधीपासूनच एचटीटीपीवरून येत, त्यामुळे त्यांना हा त्रास तुलनेने कमी होता.

पर्यायी मार्ग : पहिला मार्ग यूट्यूबच्या मोबाइल आवृत्तीचा (२००७). तीत १७६ × १४४ बिंदूंचा थ्रीजीपी व्हिडिओ आरटीएसपी दुव्याने फोनच्या स्वतःच्या प्लेअरमध्ये उघडे. नोकियावर हे काम रिअलप्लेअर करी. चित्र धूसर असले तरी ते एज जोडणीवर चालण्याजोगे होते. दुसरा मार्ग सर्व्हरवर फ्लॅश चालवून केवळ चित्र फोनकडे पाठवणाऱ्या स्कायफायर व पफिन या ब्राउझरांचा. तिसरा यूसी ब्राउझरसारख्या साधनांनी फाइल उतरवून घेण्याचा. रात्री डाउनलोड लावून सकाळी व्हिडिओ पाहणे ही त्यातील रूढ पद्धत होती.

प्रत्यक्षात सर्वांत व्यापक मार्ग इंटरनेटबाहेरचा होता. महाराष्ट्रातील सर्वच बाजारगावांप्रमाणे येथेही मोबाइल दुरुस्ती व रिचार्जच्या दुकानांत मेमरी कार्डात गाणी, चित्रपट, कीर्तने आणि तमाशाचे व्हिडिओ भरून मिळत. पुढे ते ब्लूटूथने एका फोनमधून दुसऱ्या फोनमध्ये जात. कॉपीराइटच्या दृष्टीने यातील बरेचसे बेकायदेशीर होते.

क्रिकेट : २०१० ची आयपीएल स्पर्धा यूट्यूबवर थेट दाखवली गेली. हे प्रक्षेपण फ्लॅशवर आधारलेले, मुख्यतः संगणकासाठीचे होते. मावळ तालुक्यातील गहुंजे येथील महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचे मैदान एप्रिल २०१२ मध्ये आयपीएलसाठी खुले झाले. २०१८ मध्ये चेन्नई सुपर किंग्जचे घरचे सामने कावेरी पाणीवादामुळे येथे हलवण्यात आले, तेव्हा हॉटस्टार अ‍ॅपवर ते कोणत्याही साध्या स्मार्टफोनवर दिसत होते.

एचटीएमएल-५ आणि जिओ : ब्राउझरला प्लग-इनविना व्हिडिओ दाखवता यावा यासाठी ‘व्हिडिओ’ हा घटक ऑपेरा कंपनीने २००७ मध्ये सुचवला. कोणती संक्षेपपद्धती वापरावी यावर काही वर्षे मतभेद राहिले : एच.२६४ वर पेटंटचे शुल्क होते, तर गूगलने २०१० मध्ये मुक्त केलेल्या वेबएमला फोनच्या चिपचा आधार नव्हता. एचटीएमएल-५ ला ऑक्टोबर २०१४ मध्ये अंतिम मान्यता मिळाली आणि २७ जानेवारी २०१५ रोजी यूट्यूबने संगणकावरही फ्लॅशऐवजी तेच मूळ माध्यम केले. रिलायन्स जिओची ४जी सेवा ५ सप्टेंबर २०१६ रोजी सुरू झाली. तिच्या मोफत डेटामुळे थ्रीजीपी आणि भरलेली मेमरी कार्डे झपाट्याने मागे पडली. २०१७ मधील जिओफोन हा १,५०० रुपयांच्या अनामतीवर मिळणारा बटणांचा फोन होता; त्याची संपूर्ण कायओएस प्रणालीच वेब-तंत्रावर उभी होती.

शैक्षणिक सामग्री : या विषयातील खरी हानी येथे झाली. २००० नंतरच्या दीड दशकात मराठी शाळांसाठी तयार झालेल्या ई-लर्निंग सीडी व संचांमध्ये कविता, प्रयोग आणि गणिताच्या हलत्या चित्रांसाठी फ्लॅश सर्रास वापरले गेले. युनिकोडपूर्व मराठी फॉन्ट एसडब्ल्यूएफमध्येच बसवता येत, त्यामुळे जोडाक्षरे कोणत्याही संगणकावर अचूक दिसत. निर्मात्यांच्या पसंतीचे हे एक सबळ कारण होते. त्याच कारणाने त्यातील मजकूर आज शोधता किंवा सहज उतरवून घेता येत नाही. जून २०१५ च्या शासननिर्णयाने प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रम सुरू झाल्यावर जिल्हा परिषद शाळांत टॅबलेट व मोबाइल आले, पण या उपकरणांवर जुने संच उघडत नव्हते.

२०२० मध्ये ही उणीव उघडी पडली. साथीमुळे वर्ग बंद झाले, ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ हा उपक्रम आला आणि पालकांचा फोन हीच शाळा ठरली. दीक्षा अ‍ॅप आणि यूट्यूबवरील पाठ तेथे चालत. शाळेच्या कपाटातील फ्लॅश-संच चालत नसत. ज्या वस्त्यांवर रेंज नव्हती तेथे दोन्हींचा उपयोग नव्हता. एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची ‘टिलीमिली’ ही मालिका जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर आली, ती अशाच मुलांसाठी.

याउलट पुण्यातील आयुका संस्थेच्या विज्ञानकेंद्रात अरविंद गुप्ता व सहकाऱ्यांनी केलेल्या टाकाऊतून खेळणी बनवण्याच्या छोट्या फिती मराठीसह अनेक भाषांत यूट्यूबवर मुक्त ठेवल्या गेल्या. माध्यम बदलले तरी त्या फोनवर दिसत राहिल्या. कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट प्रकल्पाने आपल्या जावा व फ्लॅशमधील विज्ञान-प्रतिकृती एचटीएमएल-५ मध्ये नव्याने बांधल्या आणि त्यांतील अनेक मराठीतही आहेत. मराठी संचांच्या बाबतीत असे पद्धतशीर रूपांतर झाले नाही. सार्वजनिक पैशातून घडलेली शैक्षणिक सामग्री खुल्या स्वरूपातच घेतली गेली पाहिजे, हा धडा शासकीय खरेदीत अद्याप पुरेसा उतरलेला नाही.

समाप्ती व सद्यःस्थिती : अ‍ॅडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा आधार थांबवला आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअरमधील सामग्रीही रोखली. रफल हे मुक्त अनुकरण-सॉफ्टवेअर फोनच्या ब्राउझरमध्येही जुन्या फ्लॅश-फाइली चालवते; इंटरनेट अर्काइव्हने नोव्हेंबर २०२० पासून त्याचा वापर सुरू केला. जुनी रेखाचित्रे व खेळ त्यावर बऱ्याच अंशी नीट चालतात. आरटीएमपी सर्व्हरवरून येणारे व्हिडिओ मात्र तो सर्व्हरच बंद झाला असल्यास परत मिळत नाहीत. शाळेकडे मूळ सीडी असल्यास तिची प्रत आताच काढून ठेवावी, कारण सीडीही कालांतराने वाचता येईनाशा होतात.

‘व्हिडिओ पाहण्यासाठी फ्लॅश प्लेअर अद्ययावत करा’ असा संदेश फोनवर आजही कधीकधी येतो. त्यामागे बहुधा बँकेची माहिती चोरणारे अ‍ॅप असते. अँड्रॉइड वा आयफोनसाठी फ्लॅश प्लेअरची कोणतीही अधिकृत आवृत्ती आता मिळत नाही. त्या नावाची फाइल उतरवू नये.