भाषाविज्ञानातील संशोधक-प्रशिक्षणाची वाटचाल आणि मराठवाडा : ग्रियर्सनच्या सर्वेक्षणापासून कृत्रिम बुद्धिमत्तेपर्यंत

प्रस्तावना

कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित साधनांचा भाषाभ्यासात उपयोग कसा करावा, याविषयी महाविद्यालयांतून आणि विद्यापीठांतून सध्या कार्यशाळा भरू लागल्या आहेत. ही बाब स्वागतार्ह आहे. तथापि बहुतेक वेळा चर्चा साधनांभोवतीच फिरते. ती वापरणाऱ्या संशोधकाची घडण कशी व्हावी, हा प्रश्न मागे पडतो. महाराष्ट्रातील भाषाविज्ञानाच्या इतिहासात हा प्रश्न पूर्वीही उपस्थित झाला होता आणि त्याचे एक समर्थ उत्तरही पुण्यात शोधले गेले होते. मराठवाडा मात्र त्या प्रवाहापासून बराच काळ दूर राहिला. प्रस्तुत लेखात या वाटचालीचा आढावा घेऊन नांदेड व लातूर जिल्ह्यांतील भाषासंशोधनाच्या संदर्भात तिचा अर्थ लावण्याचा प्रयत्न केला आहे.

सर्वेक्षणाबाहेर राहिलेला प्रदेश

भारतीय भाषांच्या पद्धतशीर पाहणीचा आरंभ सर जॉर्ज ग्रियर्सन यांच्या 'लिंग्विस्टिक सर्व्हे ऑफ इंडिया' या प्रकल्पापासून मानला जातो. १८९४ मध्ये सुरू झालेल्या या कार्याचे खंड १९०३ ते १९२८ या काळात प्रसिद्ध झाले. १७९ भाषा आणि ५४४ बोली यांची नोंद त्यात आहे. मराठीला वाहिलेला सातवा खंड १९०५ मध्ये प्रकाशित झाला. बायबलमधील उधळ्या पुत्राच्या कथेचे स्थानिक बोलीत भाषांतर, एखादी लोककथा वा गीत आणि शब्दांची व वाक्यांची ठरावीक यादी, असे सामग्रीचे स्वरूप होते. ही सामग्री प्रामुख्याने जिल्हा पातळीवरील अधिकाऱ्यांमार्फत गोळा झाली. ध्वनींची सूक्ष्म नोंद करण्याचे शिक्षण त्यांपैकी बहुतेकांना मिळालेले नव्हते. नमुना अमूल्य असला तरी तो कोणत्या कानांनी ऐकला गेला, हा प्रश्न त्यामुळे शिल्लक राहतो.

मराठवाड्याच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, मद्रास इलाखा, म्हैसूर आणि हैदराबाद ही संस्थाने या पाहणीच्या कक्षेबाहेर होती. म्हणजेच निजामी राजवटीतील नांदेड, उस्मानाबाद आणि बीदर या जिल्ह्यांत प्रत्यक्ष पाहणी झालीच नाही. आजच्या लातूर जिल्ह्यातील निलंगा, उदगीर व अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते, तर किनवट तालुका आदिलाबाद जिल्ह्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने हे तालुके मुंबई राज्यात आले. मराठी, कन्नड, तेलुगू, दखनी, बंजारा, गोंडी आणि कोलामी यांचा शेजार लाभलेला हा प्रदेश भाषाभ्यासकाला मोठे आव्हान देणारा होता. परंतु पहिल्या मोठ्या पाहणीत तो कोराच राहिला.

सेतुमाधवराव पगडी : स्वयंशिक्षित अभ्यासक

ही उणीव अंशतः भरून काढणारे नाव याच भूमीतील आहे. १९१० मध्ये निलंगा येथे जन्मलेले सेतुमाधवराव पगडी इतिहासकार म्हणून सर्वपरिचित आहेत. हैदराबाद संस्थानच्या प्रशासकीय सेवेत असताना आदिलाबाद जिल्ह्यातील आदिवासींशी त्यांचा निकटचा संबंध आला आणि त्यातून त्यांनी गोंडी व कोलामी या भाषांचा अभ्यास केला. त्यांचे कोलामीचे इंग्रजी व्याकरण १९५० मध्ये हैदराबाद येथून प्रसिद्ध झाले. बरो आणि एमेनो यांच्या द्राविडी व्युत्पत्तिकोशाने पगडींनी नोंदविलेले कोलामी शब्द स्वतंत्र संक्षेपाने दिले आहेत. एका मराठवाडी अधिकाऱ्याच्या नोंदींना मिळालेली ही विद्वन्मान्यता निश्चितच अभिमानास्पद आहे.

याच काळात कोलामीवर दुसरे काम झाले, ते मरे एमेनो यांचे. येल विद्यापीठात एडवर्ड सपीर यांच्या सहवासात क्षेत्रकार्याची दीक्षा घेतलेल्या एमेनो यांनी वर्धा परिसरातील कोलामीवर आधारलेला ग्रंथ १९५५ मध्ये प्रसिद्ध केला. पगडींपाशी भाषकांचा सहवास, अधिकारपदामुळे लाभलेला संचार आणि जन्मजात बहुभाषिकता होती. एमेनो यांच्यापाशी ध्वनिविश्लेषणाची शिस्त आणि गुरुपरंपरा होती. या दोन्ही गोष्टी एका ठिकाणी आणणारी व्यवस्था त्या वेळी मराठवाड्यात नव्हती. गुणवत्ता होती, प्रशिक्षण नव्हते, असेच म्हणावे लागते.

तथापि एक अपवाद नोंदविणे आवश्यक आहे. मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्या प्रेरणेने आदिलाबाद जिल्ह्यातील मारलवाई येथे १९४३ मध्ये गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र सुरू झाले आणि देवनागरी लिपीत गोंडी वाचनपुस्तके तयार करण्यात आली. ज्यांची भाषा, त्यांनाच तिच्या लेखनाचे व अध्यापनाचे शिक्षण द्यावे, हे तत्त्व येथे प्रत्यक्षात आले होते.

डेक्कन कॉलेजचा प्रयोग

महाराष्ट्रात आधुनिक भाषाविज्ञानाच्या प्रशिक्षणाला संस्थात्मक रूप मिळाले ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये. १९३९ मध्ये पदव्युत्तर व संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झालेल्या या संस्थेचे नेतृत्व डॉ. सु. मं. कत्रे यांच्याकडे होते. १९५३ मध्ये तेथे भाषाभ्यासकांची परिषद भरली आणि रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साहाय्याने १९५४ पासून भाषाविज्ञानाची प्रशिक्षण सत्रे सुरू झाली. चार्ल्स फर्ग्युसन, जॉन गम्पर्झ, विल्यम ब्राइट यांच्यासारखे अमेरिकी भाषावैज्ञानिक त्या काळात पुण्यात आले. देशाच्या निरनिराळ्या भागांतील तरुण अध्यापकांना स्वनविज्ञान, स्वनिमविचार, रूपविचार आणि क्षेत्रकार्य यांचे शिक्षण या सत्रांतून मिळाले.

या प्रयोगाचे वैशिष्ट्य नव्या सिद्धांतांपेक्षा अध्यापनाच्या पद्धतीत अधिक होते. ग्रंथांवर पोसलेल्या ऐतिहासिक व्युत्पत्तिशास्त्राकडून जिवंत भाषकासमोर बसून केलेल्या वर्णनाकडे अभ्यासकांना वळविण्यात आले. त्याची फळे लवकरच दिसू लागली. ना. गो. कालेलकर यांचे 'ध्वनिविचार' (१९५५) आणि 'भाषा आणि संस्कृती' (१९६२) हे ग्रंथ, कॉर्नेल विद्यापीठातून १९५८ मध्ये पीएच.डी. घेऊन पुढे डेक्कन कॉलेजात आलेले अशोक केळकर यांचे कार्य आणि अ. मा. घाटगे यांची १९६३ पासून प्रकाशित झालेली मराठी बोलींच्या सर्वेक्षणाची माला, ही त्या वातावरणाची देणगी होय. गम्पर्झ यांनी पुढे रॉबर्ट विल्सन यांच्यासह सांगली जिल्ह्यातील एका सीमावर्ती गावातील मराठी, कन्नड व उर्दू यांच्या परस्परसंस्काराचा जो अभ्यास १९७१ मध्ये प्रसिद्ध केला, तो जगभर अभ्यासला जातो. देगलूर, उदगीर, निलंगा येथील भाषिक परिस्थिती त्याच जातीची आहे, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

परंतु घाटगे यांच्या मालेचा रोख प्रामुख्याने कोकण, गोवा व दक्षिणेकडील किनारपट्टीवर राहिला. मराठवाड्यासाठी स्वतंत्र विद्यापीठ १९५८ मध्ये औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथे आणि नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ मध्ये स्थापन झाले. आपल्या मराठी विभागांचा पिंड वाङ्मयीन राहिला. त्यात गैर काही नाही. मात्र बोलींवरील प्रबंध बहुधा शब्दसंग्रह, म्हणी व वाक्प्रचार यांच्या संकलनापुरते मर्यादित राहिले, हे आपण मान्य केले पाहिजे.

संगणकाचे आगमन

भाषासामग्री संगणकावर आणण्याचा महाराष्ट्रातील लक्षणीय आरंभ कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात झाला. तेथे प्रा. एस. व्ही. शास्त्री यांच्या मार्गदर्शनाखाली १९७८ मधील मजकुरांवर आधारित सुमारे १० लाख शब्दांचा भाषासंग्रह, अर्थात कॉर्पस, तयार झाला. तो भारतीय इंग्रजीचा होता. एका प्रादेशिक विद्यापीठातील इंग्रजी विभाग जागतिक दर्जाची सामग्री उभी करू शकतो, हे या कार्याने सिद्ध केले. पुढे १९९१ चे इस्की मानक, त्याच सुमारास सुरू झालेला केंद्र शासनाचा भारतीय भाषा-तंत्रज्ञान कार्यक्रम, पुण्यातील सी-डॅकचे लिपितंत्रज्ञान आणि मुंबईच्या आयआयटीतील मराठी शब्दजाल यांमुळे मराठी संगणकावर स्थिरावली.

आज या सामग्रीचे परिमाण पार बदलले आहे. पुण्यातील एल-थ्री-क्यूब या गटाने २०२२ मध्ये जाहीर केलेल्या मराठी भाषासंग्रहात सुमारे २ कोटी ४८ लाख वाक्ये व २८ कोटी ९० लाख शब्दघटक आहेत. केंद्र शासनाचा 'भाषिणी' हा उपक्रम त्याच वर्षी सुरू झाला. बोललेले मराठी ऐकून लिहून देणारी साधनेही आता सहज उपलब्ध आहेत.

यंत्राचा कान आणि संशोधकाचा कान

या साधनांची मर्यादा एका उदाहरणाने स्पष्ट होईल. आपल्या परिसरात 'मी जात आहे' याऐवजी 'मी जायलो' असे सर्रास म्हटले जाते. 'काय करायलास?', 'ती जेवायलीय', 'ते जायलेत' ही रूपे पुरुष, लिंग व वचन यांनुसार नियमाने बदलतात. चालू क्रिया दर्शविणारी ही एक सुसंगत व्याकरणिक व्यवस्था आहे. प्रमाण मराठीत मात्र 'जायला', 'करायला' ही रूपे हेतू दर्शवितात. ज्या यंत्राचे शिक्षण मुख्यतः वृत्तपत्रीय व लेखी मराठीवर झाले आहे, त्याला 'जायलो' हे 'जायला' या शब्दाचे सदोष रूप वाटण्याचा संभव असतो. ते यंत्र बोली नोंदविण्याऐवजी ती सुधारून देईल. संशोधकाने मूळ ध्वनिमुद्रण न ऐकता तो मजकूर स्वीकारला, तर प्रबंधातून त्या बोलीचे वैशिष्ट्यच नाहीसे होईल आणि ते नाहीसे झाल्याचे कोणाच्या ध्यानातही येणार नाही.

ग्रियर्सनच्या काळात हा प्रदेश नकाशाबाहेर राहिला, तेव्हा निदान कोरी जागा दिसत होती. आता ती जागा कोरी दिसणार नाही. तेथे प्रमाण मराठी भरलेली असेल. नव्या साधनांचा खरा धोका येथे आहे. देवनागरी लेखनात च, ज, झ यांचे दंत्य व तालव्य असे दोन उच्चार एकाच चिन्हाने दाखविले जातात, हीदेखील यंत्राच्या लिखित मजकुरावर विसंबू नये याची खूण आहे.

या पार्श्वभूमीवर डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी २०१७ नंतरच्या काळात हाती घेतलेले मराठी बोलींचे सर्वेक्षण आशादायक आहे. त्यातील ध्वनिमुद्रित सामग्री अभ्यासकांना खुली आहे आणि मराठवाड्यालाही तिच्यात स्थान मिळाले आहे. परंतु बाहेरून आलेल्या संशोधकांनी केलेली पाहणी स्थानिक प्रशिक्षणाची जागा घेऊ शकत नाही.

आजच्या प्रशिक्षणाची दिशा

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी पीएच.डी.पूर्व अभ्यासक्रम सक्तीचा केला आणि त्यात संख्यात्मक पद्धती व संगणक-उपयोजन यांचा उल्लेख केला. २०२२ च्या नियमांनी एम.फिल. ही पदवी बंद झाली. लहान प्रबंधाच्या निमित्ताने पद्धतीचा सराव करण्याची जी एक पायरी होती, ती त्यामुळे उरली नाही. साहजिकच पीएच.डी.पूर्व अभ्यासक्रमावरील जबाबदारी वाढली आहे.

१९५४ च्या धर्तीवर नांदेड व लातूर येथे आळीपाळीने उन्हाळी निवासी सत्र भरविणे अशक्य नाही. सकाळी स्वनविज्ञान व व्याकरण, दुपारी देगलूर, किनवट, उदगीर किंवा औसा येथील भाषकांसमवेत क्षेत्रकार्य आणि त्यानंतर संगणक, असा क्रम ठेवता येईल. ध्वनींच्या विश्लेषणासाठी 'प्राट' आणि ध्वनिमुद्रणाशी जोडलेल्या नोंदींसाठी 'एलान' ही साधने विनामूल्य मिळतात. प्रत्येक प्रशिक्षणार्थ्याने अर्ध्या तासाचे ध्वनिमुद्रण प्रथम स्वतः ऐकून लिहावे, नंतर तेच यंत्राकडून लिहून घ्यावे. यंत्राने बदललेले, गाळलेले व पदरचे घातलेले शब्द मोजून त्या बेरजेला हस्तलिखित नोंदीतील एकूण शब्दसंख्येने भागले म्हणजे यंत्राच्या चुकीचे प्रमाण मिळते. कोणत्या व्याकरणिक रूपांत चुका एकवटतात, हे पाहिल्यास बोलीचे वैशिष्ट्य आणि यंत्राची मर्यादा दोन्ही एकाच वेळी हाती येतात. भाषकाची समजून घेतलेली संमती आणि त्याच्या आवाजाच्या वापरावरील मर्यादा हेही प्रशिक्षणाचे अंग असले पाहिजे. संवादात्मक साधने प्रसंगी अस्तित्वातच नसलेले संदर्भ देतात. म्हणून प्रत्येक संदर्भ मूळ ग्रंथात पाहण्याची जुनी शिस्त पूर्वीपेक्षा अधिक आवश्यक ठरते.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष संभवतात. पहिला, भाषाविज्ञानात नव्या पद्धती रुजल्या त्या साधने आली म्हणून नव्हे, तर त्या शिकविणारी व्यवस्था उभी राहिली म्हणून. दुसरा, मराठवाड्याची उणीव गुणवत्तेची नव्हती, तर प्रशिक्षणाची व संस्थात्मक आधाराची होती. पगडींचे उदाहरण हेच सांगते. तिसरा, कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने बोलीच्या अभ्यासाला गती देऊ शकतात, पण ज्याचा कान तयार आहे अशा संशोधकाच्याच हाती ती विश्वसनीय ठरतात.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय केंद्र शासनाने घेतला. त्या निमित्ताने प्राचीन ग्रंथांकडे लक्ष वेधले जाणे स्वाभाविक आहे. त्याच वेळी आपल्या वर्गात बसलेला विद्यार्थी घरी कोणती मराठी बोलतो, हेही संशोधनाचा विषय व्हावे. 'जायलो' हे रूप प्रथम आपल्या अध्यापकांच्या वहीत अचूक नोंदले गेले, तरच ते उद्याच्या यंत्रालाही शिकविता येईल.