पत्रांतून आलेली इंग्रजी

इंदूरच्या शाळेत मी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकलो. नियम तोंडपाठ होते. परंतु आईच्या आजारपणाविषयी चार ओळी लिहावयास सांगितल्या, तेव्हा लेखणी अडली. ती लाज मनात राहिली, म्हणूनच पुढे आनंदीबाई जोशी यांच्या पत्रांकडे मी निराळ्या दृष्टीने पाहू लागलो.

गोपाळरावांनी त्यांना इंग्रजीचे धडे दिले, हे सर्वश्रुत आहे. १८८० साली न्यू जर्सीतील श्रीमती कार्पेंटर यांच्याशी पत्रव्यवहार सुरू झाला, तेव्हा आनंदीबाई अवघ्या १५ वर्षांच्या होत्या. आपले सण, चालीरीती, बालविवाह, स्वतःची दुखणी, हे सारे परक्या बाईंना इंग्रजीतच सांगावे लागले. सांगण्याची निकड होती, म्हणून शब्द शोधले गेले. व्याकरण त्यांच्यामागून आले, असे मला वाटते. १८८३ च्या फेब्रुवारीत बंगालमधील श्रीरामपूर येथे त्यांनी अमेरिकेस जाण्याची कारणे इंग्रजी भाषणात मांडली. ज्यांचे तान्हे बाळ दहा दिवसांत दगावले, त्या आनंदीबाईंच्या १८८६ च्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र.

व्याकरण नको, असे मी म्हणत नाही. परंतु मुलाला आधी त्याच्या घरचे काही विचारा. नियमांची गरज मग त्याची त्यालाच भासेल.