बांधावरचा कोयता

देवळाली प्रवऱ्यात माझ्या लहानपणी उसाचा कोयता घरोघर होता, बंदूक मात्र एखाद्याकडेच. लॉर्ड लिटनच्या १८७८च्या कायद्याने हत्याराला परवाना लागला, गोऱ्यांना सूट मिळाली. काँग्रेसला तो अपमान वाटे, होताच तो. १९५९ साली आपण नवा कायदा केला, परवाना मात्र ठेवला.

म्हणून खून थांबले? नाही. २०२२ साली देशात २८,५२२ नोंदले गेले, सर्वाधिक भांडणांतून. पण अमेरिकेत माणसांपेक्षा बंदुका जास्त, आणि खुनांचा दर आपल्या सुमारे तिप्पट. सगळा दोष बंदुकीचाच, असे मी म्हणत नाही.

बांधाच्या वादात एकाने अब्बांवर कोयता उगारला होता. कोयत्याला जवळ यावे लागते. तेवढ्यात दादीने धावत जाऊन त्याचा हात धरला. संध्याकाळी तो आमच्या ओट्यावर मान खाली घालून चहा पीत होता.