चाकोरी

'चाकोरी' हा शब्द आपण हल्ली नऊ ते सहाच्या नोकरीसाठी वापरतो. मूळ अर्थ साधा आहे : गाडीच्या चाकांनी जमिनीत पाडलेली वाट. एका जुलैत तासगावकडच्या मामाच्या शेतात मी माउंटन बाइकनं तशीच एक पाडली. काळी माती चाकाला आणि ब्रेकला इतकी चिकटली की सायकल खांद्यावर घेऊन परत यावं लागलं. पुढच्या पावसात पाणी त्याच चरातून वाहिलं आणि बांध फुटला.

मामा एवढंच म्हणाला, "आरं, वापसा तरी येऊ द्यायचा!"

वापसा म्हणजे पावसानंतर जमीन ना ओली ना कोरडी, अशी कामाजोगी होते ती वेळ. मुठीत मातीचा गोळा करून खाली टाकायचा. फुटला तर वापसा आला, चिकटून राहिला तर थांबायचं. ट्रेलवर जावं की नाही, याची यापेक्षा चांगली परीक्षा मला अजून सापडलेली नाही.

हे थांबणं आपल्या इतिहासातही आहे. मराठी फौजा पावसाळ्यात छावणी करत आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघत. चिखलात घोडी, तोफा, धान्य हलणार कसं? राज्याभिषेकाच्या आसपास शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. दाणागोटा आत्ताच उधळलात तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, मग तुम्ही कुणब्यांच्या घरात हात घालाल, असं त्यात बजावलं आहे. थोडक्यात, पावसाचा हिशेब चुकला की भुर्दंड वाटेवरच्या माणसाला. माझा मामाला पडला, तसाच.

चिपळूणहून कुंभार्ली घाट चढला की पाटण, कऱ्हाड. पूर्वी अशा घाटांतून माल बैलांच्या पाठीवरून जाई, कारण चाकाला तिथे जागाच नव्हती. बोरघाटात गाडीरस्ता झाला तोही १८३० साली. चाक डोंगरात उशिरा आलं, आणि त्याचे नियमही. २०१७ पर्यंत लागू असलेल्या १९८९च्या वाहतूक नियमांत एक असा होता : डोंगरी अरुंद रस्त्यावर उतरणाऱ्यानं थांबून चढणाऱ्याला वाट द्यायची. ट्रेलवर मी त्यात डोक्यावर भारा घेतलेली बाई आणि गुरंही धरतो.

साताऱ्यात मात्र वापशाची परीक्षा पुरत नाही. २०१२ साली जागतिक वारसा ठरलेलं कास पठार जांभ्याचं आहे. पाऊस थांबला की वरून टणक दिसतं, पण खडकावरच्या मातीच्या पातळ थरात सीतेची आसवं, गेंद अशी इवली फुलझाडं उभी असतात. तिथे चाक डांबरी रस्त्यावरच ठेवायचं.

इतर ठिकाणी डबकं आलं तर उतरून मधूनच जातो. कडेनं गेलं की वाट रुंदावते. आणि मागे वळून पाहतो. चाकाची खोल रेघ उमटली असेल, तर त्या दिवशी घरी परततो.

मामाचा बांध आम्ही दोघांनी दसऱ्याच्या आधी बांधला. वापसा आल्यावर.