हुमणीचा पासपोर्ट

आठवडाभर ऑफिसात बग शोधायचे आणि शनिवारी सकाळी पुन्हा अंगणात बग शोधायचे, असं सध्या माझं चाललंय. (पीजे माफ करा, राहवलं नाही. :-))

त्याचं असं झालं. एडिसनच्या अपार्टमेंटमध्ये आठ वर्षं काढल्यावर तीन वर्षांपूर्वी आम्ही न्यू जर्सीतच घर घेतलं. स्वतःचं अंगण! बायकोने पहिल्या आठवड्यात गुलाब लावले, मी कढीपत्त्याची कुंडी उन्हात आणून ठेवली आणि दोन वर्षांची लेक गवतात लोळायला लागली. जुलै उजाडला आणि गुलाबावर भुंगेरे आले. हिरवं डोकं, तांब्यासारखी चकाकणारी पाठ. दिसायला इतके देखणे की मी आधी फोटोच काढले. चार दिवसांत गुलाबाच्या पानांची जाळी झाली.

दुकानातून सापळा आणला. वासाने भुंगेरे पिशवीत येतात म्हणे. आले की! पिशवी भरली, पण गुलाबावरचे भुंगेरेही दुप्पट झाले. नंतर वाचनात आलं की हे सापळे जेवढे पकडतात त्याहून जास्त भुंगेरे लांबून बोलावून आणतात. म्हणजे अख्ख्या गल्लीला मी पंगतीचं आमंत्रण दिलं होतं.

सप्टेंबरात लॉनवर पिवळे चट्टे पडले. एका चट्ट्यावरचं गवत धरून ओढलं तर सतरंजीसारखं गुंडाळत हातात आलं. मुळं गायब, आणि खाली मातीत इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या पांढऱ्या अळ्या. फोटो काकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. काकांचा ऊस आहे, कोल्हापूरकडे. पाच मिनिटांत फोन.

"आरं, ही हुमणी की! अमेरिकेत बी हाय व्हय?"

"काका, ही जपानी आहे."

"जपानी असू दे न्हाईतर शिरोळची, मुळ्याच खाणार ती."

काकांचं निदान अगदी बरोबर होतं. जात वेगळी, पण कुळी एकच. त्याच आठवड्यात कॉलनीच्या असोसिएशनचं पत्र आलं: लॉन सुधारा. लॉनवाल्या सर्व्हिसचा माणूसही येऊन वर्षभराचं औषधांचं पॅकेज सांगून गेला. मारल्यावर २४ तास मुलांना गवतात सोडू नका, एवढंच. "एवढंच" म्हणाला तो. लेक तेव्हा माती तोंडात घालायच्या वयात होती. मी म्हटलं, एक आठवडा द्या. आणि सवयीप्रमाणे बगचा इतिहास शोधायला बसलो.

हा भुंगेरा अमेरिकेत पहिल्यांदा सापडला तो १९१६ साली, आमच्याच न्यू जर्सीत, रिव्हर्टनजवळच्या एका नर्सरीत. जेमतेम डझनभर. आयरिसच्या कंदांसोबत आलेल्या मातीत अळ्या लपून आल्या असाव्यात, तेही १९१२ च्या आधी, असा अंदाज आहे. कारण बाहेरून येणाऱ्या झाडांची तपासणी करायचा कायदा १९१२ चा. थोडक्यात, व्हिसाचे नियम कडक व्हायच्या आधी आलेली ही मंडळी.

जपानात हा किडा फारसा उपद्रवी नाही, तिथे त्याचे शत्रू आहेत. इथे शत्रू नव्हते आणि वर खायला ताट वाढलेलं होतं. मोठा भुंगेरा तीनशेच्या आसपास जातींची झाडं खातो, पण त्याच्या अळीला हवी असतात गवताची मुळं. आणि अमेरिकेचा पूर्व भाग तर गवत पेरतच सुटला होता.

हे गवतही इथलं नाही बरं का. ज्याला केंटकी ब्लूग्रास म्हणतात, तेही मूळ युरोपातून आलेलं. गवत कापायचं यंत्र इंग्लंडमधल्या एडविन बडिंगचं, १८३० चं. त्याआधी असं गवत राखायचं म्हणजे विळे चालवणारी माणसं नाहीतर मेंढ्या हव्यात, म्हणजे तो जमीनदारांचा षौक. तो मध्यमवर्गाच्या दारात पक्का बसला दुसऱ्या महायुद्धानंतर. १९४७ पासून न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर लेव्हिटटाउन ही वसाहत उभी राहिली. हजारो सारखी घरं, प्रत्येकापुढे लॉन. १५ एप्रिल ते १५ नोव्हेंबर आठवड्यातून एकदा गवत कापायचं असा तिथल्या करारातच नियम. आणि त्या वसाहतीच्या सुरुवातीच्या करारांत आणखी एक कलम होतं: गोऱ्यांखेरीज कुणी इथे राहायचं नाही.

हे वाचून मी थोडा वेळ स्क्रीनकडे नुसता बघत बसलो. गवतात दुसरं काही उगवू नये आणि गल्लीत दुसरं कुणी राहू नये, दोन्ही नियम एकाच गठ्ठ्यात. असोसिएशनचं पत्र टेबलावरच होतं. त्यांचा तसा काही हेतू नाही, हे मला कळतं. तरी पत्र वेगळं दिसायला लागलं.

असो. औषधांकडे वळू. १९२० च्या दशकात या अळ्यांवर लेड आर्सेनेट मातीत घालायचे, म्हणजे शिसं आणि आर्सेनिक! मग युद्धानंतर नवी रसायनं आली. इलिनॉयमध्ये शेल्डन गावाजवळ १९५४ पासून डायएल्ड्रिन फवारलं. पक्षी मेले, आणि शेतांवरची सुमारे ९० टक्के मांजरं मेली. १९५९ साली डेट्रॉइटच्या उपनगरांवर विमानातून आल्ड्रिनचे दाणे टाकले, घरांच्या छपरांवर आणि अंगणांत. हे सगळं रेचल कार्सन यांनी १९६२ च्या 'सायलेंट स्प्रिंग'मध्ये लिहून ठेवलंय. आमच्या भाषेत सांगायचं तर, टेस्टिंग न करता थेट प्रॉडक्शनवर पॅच टाकला. भुंगेरा मात्र आजही आहे.

त्याच काळात दुसरीकडे शांतपणे वेगळं काम चालू होतं. सरकारी कीटकतज्ज्ञ भुंगेऱ्याच्या माहेरी जाऊन त्याचे शत्रू शोधत होते. १९२० च्या दशकात जपानहून एक छोटी माशी आणली गेली. ती भुंगेऱ्याच्या मानेमागे पांढरं अंडं चिकटवते, त्यातली अळी भुंगेऱ्याला आतून खाते. १९३३ साली न्यू जर्सीच्याच मातीत अळ्यांना मारणारा एक जिवाणू सापडला. १९४८ मध्ये अमेरिकेत नोंदणी झालेलं ते पहिलं जिवाणूजन्य कीटकनाशक. तोही रामबाण नाही, नंतरच्या चाचण्यांचे निकाल उलटसुलट आहेत. पण मांजरं तरी मरत नाहीत.

आठवड्याने सर्व्हिसवाल्याला नको म्हणून सांगितलं. मग रविवारी काकांना फोन.

"काका, तुम्ही काय करता?"

"वळीव पडला की सांजच्याला भुंगेरं कडुलिंबावर, बाभळीवर येत्यात. फांद्या हलवायच्या, पडलेलं गोळा करून रॉकेलच्या पाण्यात टाकायचं. पर सगळ्या गावानं कराय लागतंय. एकट्याचं काम न्हवं ते."

पुढच्या जुलैपासून आमच्याकडे हाच कार्यक्रम. रॉकेलऐवजी साबणाचं पाणी आणि सांजच्याऐवजी सकाळ, कारण गारव्यात जपानी भुंगेरे सुस्त असतात. लेक बादली धरते, मी फांदी हलवतो. जुलै-ऑगस्टमध्ये लॉनला पाणी द्यायचं बंद केलं, कोरड्या मातीत त्यांची अंडी जगत नाहीत. गवत तीन-चार इंच ठेवतो आणि चट्ट्यांवर क्लोव्हर पेरला. पूर्वी लॉनच्या बियाण्यात क्लोव्हर मुद्दाम घालत असत. तो तण ठरला तो टू-फोर-डी हे तणनाशक आल्यावर, कारण ते गवत सोडून रुंद पानांचं सगळं मारतं.

"सगळ्या गावानं" हे मात्र अवघड होतं. शेजारच्या आजोबांना सापळ्याबद्दल सॉरी म्हणायला गेलो, ते आता त्यांच्या द्राक्षवेलीखाली बादली घेऊन उभे असतात. दोन घरं झाली. असोसिएशनचं दुसरं पत्र आलंच. मी क्लोव्हरवर दोन पानी उत्तर पाठवलंय, निकाल यायचाय. लॉन अजून नकाशासारखं ठिगळाठिगळांचं आहे.

पण गेल्या शनिवारी लेकीने बादलीत टाकायच्या आधी एक भुंगेरा दाखवला. "बाबा, याला टिकली लावलीय." मानेमागे बारीक पांढरा ठिपका. १९२० च्या दशकात आलेल्या त्या माशीची नात-पणत. तो भुंगेरा आम्ही बादलीत टाकला नाही, गुलाबावर परत ठेवला. त्याचं पुढचं काम करायला दुसरं कुणीतरी आलेलं होतं.